कराराची तारीख

आक्का दुकानात आल्या तेव्हा बाबालाल जमिनीवर गुडघे टेकून गणवेशाचं कापड कापत होता. राजारामपुरीतल्या त्या एवढ्याशा गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तीनशे चाळीस पोरांचं निळं कापड बेतून पसरलेलं, आणि शाळा उघडायला पंचवीस दिवस. गाळ्याच्या मालकीणबाई आक्कांनी साडी वर धरली, वाट काढत स्टुलावर येऊन बसल्या आणि पिशवीतून नव्या कराराचा कागद काढला.

"सही कर. यंदापास्नं भाडं धा हजार."

आठाचे एकदम दहा. मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोचा, ताजबीचा पाय थांबला.

"आक्का, करार तर गेल्या म्हैन्यातच संपलाय की," बाबालाल म्हणाला. "अकरा म्हैन्यांचा हुता. मी सोता आलतो तुमच्याकडं. तुमीच म्हणला, बस निवांत, कागदाची काय घाई हाय, तू घरचाच हायस."

"मग? हायसच की."

‘घरचाच’ या एका शब्दावर भला माणूस महिनाभर खूश होता. उद्यमनगरात कमी भाड्याचा गाळा दाखवायला आलेल्या एजंटाला त्यानं दारातूनच परत धाडलं होतं. वर, अशी मालकीण मिळायला नशीब लागतं, हेही त्याला ऐकवलं होतं. आत्ता ताजबीनं मान खाली घालून मशीन पुन्हा सुरू केलं, आणि तेच बाबालालला जास्त लागलं.

"तवाच सांगितलं असतं तर दुसरीकडं बघितलं असतं," तो म्हणाला.

"म्हणून तर न्हाय सांगितलं." आक्कांच्या आवाजात ना राग, ना लाज. "एप्रिलात तुझं दुकान मोकळं असतंय. दोन मशिनी आन् एक टेबल, टेंपोत घालून गेला असतास. आता जा बघू ह्यो पसारा घिऊन."

बाबालालनं पसाऱ्याकडे बघितलं. निम्मं कापड कापून झालेलं. शाळेनं दिलेला ॲडव्हान्स काजं-बटणं करणाऱ्या बायकांना वाटून झालेला. आता हलायचं म्हणजे आठवडा वाया जाणार, गणवेश वेळेत मिळाले नाहीत की शाळा दुसरा शिंपी बघणार, आणि वर्षाची निम्मी कमाई तर या एका शाळेची. त्याला संताप आला, पण काढायचा कुणावर? फास त्यानं स्वतःच्या हातानं, आक्कांचे आभार मानत मानत, गळ्यात घालून घेतला होता.

त्यानं कात्री खाली ठेवली आणि सही केली.

"फुडल्या साली तरी करार संपला की लगीच सांगा आक्का," तो म्हणाला. "एप्रिलातच."

आक्कांनी कागदाची घडी घातली. "फुडल्या एप्रिलात मी पुण्याला असणार, लेकीकडं. मेच्या वीस तारखेला येते, तवा बोलू."

पुन्हा साडी वर धरून, कापडाला पाय लागू न देता, त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"आन् बाबालाल, शाळंची आर्डर तेवढी सोडू नगंस," त्या म्हणाल्या. "चांगलं काम हाय ते."