हिरव्या बाजूची खुर्ची

लालासाहेबांनी परत बटण दाबलं आणि परत तांबडा दिवाच लागला. समोर हिरव्या बटणावर बोट ठेवून बसलेला मानसिंग आणखी एकदा हरला.

रहिमतपुरातल्या त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात असं कधी घडलं नव्हतं. खेळ त्यानंच बनवला होता. लाकडी पेटी, मधोमध पांढरा दिवा, दोन्ही बाजूंना एकेक बटण. पांढरा दिवा कधी लागेल याचा नेम नाही. लागला की जो आधी बटण दाबेल, त्याच्या रंगाचा दिवा पेटायचा. मानसिंग लष्करात हवालदार होता. एकाहत्तरच्या लढाईत बिनतारी खटखटवलेलं बोट आहे हे, असं तो सांगायचा. दिवाळीपासून जो येईल त्याला तो हरवत आला होता. हरणं फुकट होतं आणि वर टोमणाही फुकट मिळायचा. गुळाच्या अडतीवरच्या आप्पासोंना तर त्यानं चारचौघांत ऐकवलं होतं, "तुमचा हात तराजू दाबायलाच चपळ, आप्पासो."

फक्त एकदा, चहा द्यायला आलेली त्याची बायको अंबूबाई गंमत म्हणून हिरव्या बाजूला टेकली आणि लागोपाठ जिंकली. दुकानात माणसं होती. मानसिंगचा चेहरा उतरला. "दिवा लागायच्या आधीच दाबतीस," तो म्हणाला. "बाईमाणसानं असली लबाडी करू न्हाई." अंबूबाईनं कपबशा उचलल्या आणि आत गेली. तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

आज सांगलीचे लालासाहेब आले होते. जत्राजत्रांतून खेळांची पालं लावणारा माणूस. त्यांना खेळ पसंत पडला की तो गावोगावी जाणार, असं मानसिंगनं पेठेत आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून तर दाराशी आप्पासोंसकट एवढी माणसं जमली होती. पाहुण्याला त्यानं आपली चांगली खुर्ची दिली. ती तांबड्या बाजूला होती. आपण वेत उसवलेल्या खुर्चीत, हिरव्या बाजूला बसला. आपल्याच खेळाच्या त्या बाजूला तो आजवर कधी बसलाच नव्हता.

लालासाहेबांनी पेटीचं झाकण उचललं. आत बोट घालून चाचपलं. तांबड्या बटणाखालची पितळी पट्टी टेकल्यातच जमा होती. हिरव्याखालची जोंधळ्याच्या दाण्याएवढी खाली होती. हिरवं बटण तेवढं खाली जाईस्तोवर तांबडा जिंकून मोकळा व्हायचा.

मानसिंगनंही वाकून पाहिलं. दिवाळीपासून जिंकत आली होती ती ही पट्टी. आणि हिलासुद्धा मागं टाकणारा हात गावात एकच निघाला होता.

"वा, हवालदार!" लालासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "तारा काय, कुणीबी जोडतंय. खेळ कराय माणूस वळखाय यावं लागतंय. गिऱ्हाइकाला वाटलं पायजे, जरासं हुकलं, पुढल्या डावाला जिंकतो. हरलेला उठून गेला की खेळ मेला. त्यो परत बसला पायजे. ते तुमी बराबर साधलंय. आपला माणूस तांबड्याला, गिऱ्हाईक हिरव्याला! मुद्दाम केलंय न्हवं? व्हय म्हणा, आन असलेच आणखी करून द्या."

दाराशी उभी असलेली माणसं उंबऱ्याच्या आत सरकली.

मानसिंगनं मनातल्या मनात हिशेब मांडून पाहिला. हो म्हणावं, तर जत्रा मिळतात आणि पेठ जाते. चुकून झालं म्हणावं, तर ज्याला दोन पट्ट्या सारख्या बसवता येत नाहीत, त्याच्याकडे उद्या रेडिओ कोण आणून टाकेल? शिवाय चुकून झालं हे खरं होतं, पण खरं मानणार कोण? कसंही मांडलं तरी बूडच.

"बोल की रं," आप्पासो म्हणाले. "आमच्या तराजूचं लय तोंड वर करून सांगत व्हतास. तुझ्या काट्याचं काय?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आता सगळ्यांच्या ओठांवर एकच शब्द होता, आणि तो शब्द या दुकानात पहिल्यांदा कुणी कुणाला वापरला, हे मानसिंगला पक्कं ठाऊक होतं. तो उघड्या पेटीत बघत राहिला. मान वर करून आतल्या दाराकडे बघायची त्याची छाती होईना.

दाराआड उभी असलेली अंबूबाई चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. पहिली कपबशी तिनं लालासाहेबांपुढं ठेवली, पदर सावरला. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मुद्दाम कुठलं, पावणं!" ती म्हणाली. "लबाडी कराया बी कसब लागतंय. तेवढं ह्यांच्यात असतं, तर दसऱ्यापासनं घरातला रेडिओ मुका ऱ्हायला असता व्हय?"