शनिवारचा बॅकअप

रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला साहेब माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "बॅकअप घेतलास का गं?" काळ्या स्क्रीनवर कमांडची एक ओळ टाइप केली, की हजेरी, पगार, गोदाम, कारखान्याच्या सर्व्हरवरचं होतं नव्हतं ते सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरायचं. त्या एका ओळीसाठी माणूस रोज माझं डोकं खायचा.

शनिवारी साहेब रिटायर झाले. कर्मचाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव मीच काढलं आणि त्यांच्या हुद्द्यावर माझं घातलं. पाच वाजता मी त्यांच्या फिरत्या खुर्चीत बसून गोल गोल फिरत होते. विचारायला कोणी नव्हतंच.

रविवारी सर्व्हरनं मान टाकली.

सोमवारी सकाळी लवकर येऊन मी नवी डिस्क बसवली, शुक्रवारचा बॅकअप तिच्यावर चढवला आणि नऊच्या आत सगळं जिथल्या तिथे! ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. एका दिवसाची माहिती गेली, पण तेवढ्यानं कोणाचं काय अडतंय? मीही जरा भाव खाऊन घेतला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

साडेदहाला दार ढकलून साहेब आत आले. दाढी अर्धीच केलेली, पायात घरातल्या सपाता. धापा टाकतच त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. आमच्या सर्व्हरवरून आपोआप गेलेला मेसेज होता: 'आपण आज न कळवता गैरहजर आहात.'



"शनिवारी बॅकअप घेतला नाहीस ना गं?"