तळघरातली मेणबत्ती

ज्या वर्षी गास्पारने उत्तर फ्रान्समधल्या लिल शहरातल्या सोलांजशी लग्न केलं, त्याच वर्षी त्याच्या तळघरात विजेचा दिवा आला. १९५१ साल.

द्राक्षतोडणी नुकतीच संपली होती. खाली कारिन्याँ आणि ग्रनाश, दोन्ही द्राक्षांचा रस वेगवेगळ्या पिंपांत फसफसत होता. पुढे दोन्ही एकत्र करून घरची तांबडी, कोरडी वाइन व्हायची. गास्पार रोज खाली जाई. लखलखीत दिवा लावूनही हातात पेटती मेणबत्ती घेऊन.

"दिवा असताना मेणबत्ती कशाला?" सोलांजने विचारलं.

"आमच्या बाबांची सवय," तो हसला. "तू मात्र खाली उतरू नकोस. बाईच्या पायाने वाइन नासते म्हणतात."

"आणि आंपारो? ती बाई नाही?"

"ती दाराशीच असते."

आंपारो तोडणीला आलेली स्पॅनिश विधवा. गास्पार खाली गेला की ती दारात उभी राहून हाका मारी.

"गास्पार!"

"आहे गं!"

"गास्पार, मेलास की काय?"

"तुला पुरून उरेन!"

मग दोघंही हसत. मालकाला असं नुसत्या नावाने! सोलांज कांदा चिरता चिरता ऐकत राही.

"तोडणी संपली, आता त्या बाईला पाठवून द्या की," ती सासूला, फिलोमेनला म्हणाली.

"मग दारात कोण उभं राहील? माझे हे गुडघे?" फिलोमेन म्हणाली आणि मटार सोलत बसली.

म्हणजे सासूही सामील. सोलांजने बॅग भरून पलंगाखाली सरकवली. डोळ्यांनी पाहायचं, आणि खरं निघालं तर संध्याकाळच्या बसने माहेर गाठायचं.

मंगळवारी जेवणं झाल्यावर गास्पार जरा लवंडला. तळघराच्या दाराजवळच्या कोनाड्यातली मेणबत्ती तिने एप्रनच्या खिशात टाकली. बघू या, आता कोणतं निमित्त काढतो! दिवा लावून ती खाली उतरली. दिवा तसाच ठेवला. तो मालवायला विसरायची सवय गास्पारलाही होतीच, कुणाला संशय आला नसता. मोठ्या पिंपामागे ती दबा धरून बसली. वास गोड होता, नाकाला झोंबणारा. डोकं जड झालं. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बऱ्याच वेळाने दारात गास्पार आला.

"आंपारो, मेणबत्ती कुठाय?"

"मी खाल्ली! मला काय विचारतोस?"

"थांब, दुसरी आणतो."

"आण बाबा. दिव्याचा काय भरवसा, तो फसफसत्या रसाच्या विषारी हवेतही जळतो."

तो दुसरी मेणबत्ती घेऊन उतरू लागला. निम्म्या पायऱ्यांवर ज्योत विझली. तो तसाच उलट पावली वर आला.

"दारं-खिडक्या उघड. आज कुणीच खाली जायचं नाही."

"बायकोला सांगितलंयस ना हे?" आंपारोने विचारलं.

"हे काय सांगायचं असतं? शेंबड्या पोरालाही कळतं. सोलांज! अगं सोलांज, कुठे आहेस?"

सोलांज २ ऑक्टोबर १९५१ रोजी, दुपारी, मोठ्या पिंपामागे वारली. मेणबत्ती तिच्या खिशात होती.