परवानगीचं घर

पेत्रिन्या गावात झालेल्या भूकंपात बारिका आजीचं विटांचं घर उभं तडकलं, म्हणून लेकानं कारखान्यातून तयार लाकडी घर आणून शेजारीच जोडून दिलं. ते मंजूर करायला आलेले इंजिनिअर तिहोमिर साहेब मात्र जुन्याच घरात ऐसपैस बसून आजीच्या हातची आलुबुखाराची दारू रिचवत होते.

“नियम बदललेत, आजी. तुमच्या नव्या घराच्या मजबुतीची आकडेमोड जुन्या नियमांची आहे. नवी करून आणेपर्यंत त्या घरात पाऊल ठेवायचं नाही!”

“मग राहू कुठे? या भेगांमध्ये?”

“या घराला रीतसर परवानगी आहे की! खुशाल राहा.”

आजीनं त्यांचा पेला पुन्हा भरला आणि तेवढ्यात जमीन हादरली. छपरावरचं धुराडं धाडकन अंगणात कोसळलं. दाराकडे निघालेल्या आजीला बाजूला सारून साहेब सुसाट सुटले, ते थेट नव्या घरात घुसले आणि त्यांनी आतून कडी घातली.

हादरे थांबल्यावर आजीनं अंगावरची धूळ झटकली आणि नव्या घराचं दार वाजवलं.



“साहेब, चला बाहेर. तुमचा पेला तिकडे, परवानगीच्या घरात राहिलाय.”