किटलीवरचे डाग

सरांनी लाल पेनाने सोळा लिहिले आणि पेनाला टोपण लावलं. पास व्हायला पन्नासात अठरा लागत होते.

टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मुलीला तो आकडा उलट्या बाजूनेही बरोबर वाचता आला. तिचा चेहरा पडला. चित्रकलेत नापास झालेल्याची पुढच्या वर्षी रवानगी थेट टंकलेखनाच्या वर्गात व्हायची.

बाकीच्या सदतीस कागदांचा गठ्ठा बांधून तयार होता. त्यात चाळिसाच्या खाली कोणीच नव्हतं. विषय एकच, समोरच्या टेबलावर मांडलेली स्टीलची किटली. सदतीस किटल्या अशा की बोट ठेवायला जागा नाही. झाकण गोल, तोटी नेमकी, पोटावर डाव्या अंगाला पांढरा उजेड. सरांच्या वर्गाचा निकाल वर्षानुवर्षं असाच लागत आला होता, आणि त्यांची छाती काही उगाच फुगत नसे.

मेहनतच तशी होती. तासाला सर खुर्चीत म्हणून टेकत नसत. एकेका बाकापाशी जायचे, "आण इकडे, दोन रेघा मारतो," म्हणायचे, आणि दोन म्हणता म्हणता दहा-बारा व्हायच्या. वाकडी तोटी सरळ व्हायची, चपटं झाकण गोल व्हायचं. पोरांनी त्यांचं नावच 'दोन रेघा' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आज मात्र पहिल्या बाकावरच्या या मुलीने दोन्ही कोपरं कागदावर टेकवून "राहू द्या, सर," म्हटलं होतं. सरांना ते लागलं होतं. लागलं म्हणून आपण गुण कापले नाहीत, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. किटलीच खराब होती. आकार ठीक, पण पोटभर बारीक काळे डाग.

तरी ते डाग काही त्यांचा पिच्छा सोडेनात. जिला इतकी नेमकी तोटी जमते ती असं गिचमिड का करेल?

"हे कशाला गिरगटलंस गं? एवढं पुसलं असतंस तर अठरा कुठे गेले नव्हते." त्यांनी खोडरबर उचलला.

"सर, नका ना! डाग नाहीत ते. आपला वर्ग आहे."

सरांचा हात हवेतच राहिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाशी धरला. मग उठून ते खऱ्या किटलीपाशी गेले. किटलीच्या पोटात त्यांना आपलंच फुगलेलं नाक दिसलं. इतकी वर्षं ते ही किटली मांडत होते, पण तिच्यात कधी डोकावले नव्हते. पांढरा उजेड म्हणून ते जो शिकवत आले होते, तो उजेड नव्हताच. ती खिडकी होती, गजांसकट.

ते घाईघाईने परत आले. कागदावरही ती खिडकी होती. मधोमध दोन वेण्या आणि हातात पेन्सिल, म्हणजे ती स्वतः. तिच्यामागे वाकलेल्या बाकांच्या रांगा.

"अगं, तू तर अख्खा वर्ग कोंबलायस यात!" सरांनी सोळा खोडले आणि बेचाळीस लिहिले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. मुलीचा जीव भांड्यात पडला.

पण सरांचं कुतूहल काही शमलं नव्हतं. त्यांनी खणातून भिंग काढलं आणि एकेक पोर ओळखायला सुरुवात केली. हा उंच, खिडकीपाशी. ही चष्मेवाली. हे दोघं भाऊ. सगळे होते, एकही सुटला नव्हता. तिसऱ्या रांगेपाशी भिंग थांबलं.

"आणि ही सगळी हाताची घडी घालून का बसलीत? तुला सोडलं तर चित्र कोणीच काढत नाहीये."

"असं कसं, सर?" मुलीने मागच्या बाकावर ओणवलेल्या एका मोठ्या आकृतीवर बोट ठेवलं. "तुम्ही काढताय ना."