वयाचा दाखला

"आश्रुबाकाका, खरं वय सांगा," डॉक्टर केदारनाथनं तिसऱ्यांदा विचारलं.

"पासष्टच की! कागदावर हाय तेच," आश्रुबा म्हणाला. तेलगावातल्या आपल्या ओट्यावर बसून तो तंबाखू मळत होता. हात इतके थरथरत होते की निम्मी तंबाखू खाली सांडत होती.

केदारनाथला रडू यायचंच बाकी होतं. कपाशीवर विष फवारणारे वीस गडी आणि त्याच्या वडिलांच्या ओळखीचे केजचे वीस दुकानदार. सगळ्यांच्या हातापाया पडून, जीपमध्ये घालून त्यानं त्यांना औरंगाबादला नेलं आणि त्यांच्या मेंदूचे फोटो काढले. फवारणाऱ्यांचे मेंदू आक्रसलेले निघाले. हे विष आता बंद होणार, अशी त्याला आशा वाटली. तेवढ्यात प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "वय धरलंस का?"

सरांचं काही चुकलं नव्हतं. उतारवयात मेंदू आपसूकच आक्रसतो, म्हणून वयाचा वाटा बाजूला काढूनच दोन गटांची तुलना करायची असते. दुकानदार पन्नाशीचे, फवारणारे कागदोपत्री पासष्टीचे. संगणकात वय घातलं आणि सगळा फरक पुसला गेला. विष निर्दोष, माणसंच म्हातारी! आता बोला. सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

"निजाम पडला त्या पोलीस ॲक्शनात सासूबाई ह्यांना पाळण्यातून उचलून ज्वारीत लपल्या व्हत्या," चहा घेऊन आलेली छबुबाई बोलून गेली.

म्हणजे अठ्ठेचाळीस साली पाळण्यात असलेला आश्रुबा आज, अठ्ठ्याण्णवात, जेमतेम पन्नास वर्षांचा, दुकानदारांएवढाच! केदारनाथ ताडकन उठला.

"मग पासष्ट कावून लिवलं?" तोही गावच्या बोलीवर आला.

आश्रुबानं मान खाली घातली. "हात कापाया लागले, काम होईना. दुखण्याला कुणी इचारीत न्हाई. पासष्टीच्या म्हाताऱ्याला सरकार निराधारचा पगार देतंय. आमी समद्यांनीच वय वाढवून घेतलं."

"काका, खरी वयं लिहून द्या. वीसही जणांची. मी विष बंद करून दाखवतो."

"आन् पगार?"

पगार जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

"पगार गेला तर खायाचं काय?" आश्रुबा म्हणाला. "आन् न्हाई लिवलं तर... आता आमचं पोरगं फवारायलंय, डॉक्टरसाहेब."

केदारनाथच्या हातातला चहा निवून गेला. कुणावर तरी राग काढायला हवा होता, आणि समोर राग काढण्यासारखं कुणीच नव्हतं.

"असले खोटे दाखले दिले तरी कुठल्या डॉक्टरनं?" तो ओरडला.

छबुबाईनं ट्रंकेतून घडी घातलेला कागद आणला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"तुमीच की! हितल्या दवाखान्यात नोकरीला व्हता तवा. ह्यांचे हात बघून तुमाला दया आली. समद्यांना एका दुपारी लिवून दिलंत, गर्दीत तुमच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल. लई उपकार हायेत तुमचे."