खालच्या वाडीचा ढोल

नदीला लोंढा आला की वरच्या वाडीतला रामा ढोल बडवायचा. तो ऐकून खालच्या वाडीची माणसं गुरं घेऊन देवळाच्या टेकडीवर चढायची आणि सगळी वर पोचली की तिथून ढोलाचा एकच ठोका द्यायची. तो ऐकू येईपर्यंत रामाने थांबायचं नाही, असा दोन्ही वाड्यांचा रिवाज.

आज ठोका येत नव्हता. खालचा ढोल रामाचा व्याही महिपत वाजवायचा, आणि रामाची दिवस भरलेली लेक चिमा त्याच्याच घरात होती. डोक्यावरचं इरलं कधीच उडून गेलं होतं, हाताला फोड आले होते, तरी रामा बडवत राहिला. बायको सखू शेजारी देवाचं नाव घेत उभी होती.

शेवटी पावसातून ठोका आला. रामा मटकन चिखलात बसला.

"पोचली गो सगळी!"

पण खालचा ढोल थांबेना. शिमग्यात पालखी नाचवतात, त्या ठेक्यावर तो घुमायला लागला.

रामा चिडला. "घरात पाणी शिरलंय नि ह्याला भर श्रावणात शिमगा सुचतोय! व्याही येडा झाला की काय?"

सखूने डोळ्यांना पदर लावला आणि खुदकन हसली.

"येडे नाय झाले वो, आजे झाले. म्हनून तर उशीर लागला. आता उठा, तुमी पन वाजवा!"